चार डबे आणि टिकारामचा एक कान

सिहोऱ्याच्या टिकाराम बिसनेला डाव्या कानाने ऐकू येत नाही, ही गोष्ट बारा वर्षं पंचक्रोशीत दोनच माणसांना माहीत होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको शकुनबाई. तिसऱ्याला कळती तर टिकारामचा धंदा त्याच दिवशी बसला असता. लग्नात, सभेत, मंडईत भोंगे लावणारा माणूस बहिरा निघाला, तर त्याला पुन्हा कोण बोलावणार?

कान गेला चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. एका लग्नात भोंगा झाडावर चढवायला वेळ नव्हता, म्हणून टिकारामने तो बैलबंडीवरच ठेवला आणि भोंग्याच्या तोंडाशी वाकून तार जोडू लागला. वऱ्हाडातल्या कोणीतरी गंमत म्हणून मशीनचं बटण पूर्ण फिरवलं. भोंगा किंचाळला. डोक्यातली शिट्टी तीन दिवस वाजत राहिली. चौथ्या दिवशी ती थांबली आणि तिच्याबरोबर डाव्या अंगाचं सगळंच थांबलं. नागपूरच्या डॉक्टरने कानात उजेड टाकून पाहिलं आणि आतली शीर मेली, यावर औषध नाही, असं सांगितलं.

एक कान गेला म्हणजे आवाज अर्धा होतो, असं लोक समजतात. तसं होत नाही. आवाज येतो, पण कुठून आला ते कळत नाही. मागून सायकलची घंटी वाजली तरी टिकारामला ती उजवीकडेच वाजल्यासारखी वाटे. कोणी हाक मारली की तो आधी चार तोंडं बघायचा आणि त्यात हललेले ओठ शोधायचा. बसताना भिंत डावीकडे घ्यायची आणि माणसं उजवीकडे, ही सवय त्याने इतकी अंगी लावून घेतली की लोकांना तो मानी वाटू लागला.

धंदा टिकला तो शकुनबाईमुळे. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि दुपारी दंडार होते. नाचगाण्याचा हा खेळ बघायला पुरुष एका अंगाला बसतात, बाया दुसऱ्या अंगाला. टिकाराम दोन भोंगे बांधायचा, एक पुरुषांकडे आणि एक बायांकडे. तो मशीनपाशी बसे आणि शकुनबाई बायांच्या मधोमध. तिचा हात वर गेला की तिकडचा आवाज वाढवायचा. तिने पदर डोक्यावर घेतला की बरोबर झालं, आता हात लावायचा नाही. शेजारच्या बायांना वाटे, हिला उकाडा होतो. पुरुष म्हणत, टिकारामचा कान मोठा पक्का आहे, बसल्या जागी त्याला दोन्हीकडचं कळतं.

शहाऐंशीच्या दसऱ्याआधी पुंडलिकरावांनी त्याला बोलावलं. त्यांची गावात धानाची गिरणी होती. घरी नुकताच रंगीत टीव्ही आला होता, व्हिडिओ आला होता, आणि ते नागपूरच्या टॉकीजमध्ये एक पिच्चर बघून आले होते.

"विमान माह्या मांगून आलं अन् डोक्यावरून पुढं गेलं, टिकाराम. मी तं खुर्चीत मान खाली घातली, बाप्पा! तसं मले बैठकीत पायजे. सोन्याच्या दिवशी लोकं येतीन, त्याइले दाखवतो."

टिकारामने खिशातली माचिस काढली. पुंडलिकरावांच्या बैठकीतून आणखी तीन गोळा केल्या आणि चार कोपऱ्यांत स्पीकरचे डबे असावेत तशा फरशीवर मांडल्या.

"तीन रस्ते हायेत, मालक. पयला सोपा. चारी डब्यात एकच आवाज सोडाचा. जोर भेटते, बाजू नाई भेटत. माह्या भोंग्यासारखं."

"ते कायले पायजे? ते तं मंडईत आयकतोच."

"दुसरा म्हणजे समोर दोन डबे. चांगल्या कॅसेटीत आवाज दोन भागात भरला रायते. तबला इकडं, बासरी तिकडं, गाणारी मंधात. त्याले दोन भागाचा डेक लागते. तो माह्यापाशी हाये."

"अन् मांगचं?"

मागचा हा तिसरा रस्ता टिकारामला एका चुकीतून सापडला होता. दोन वर्षांपूर्वी डेकला जोडलेल्या दोन डब्यांची सामाईक तार सुटली आणि चालू गाण्यातून गाणारी बाई गायब झाली. नुसता साज वाजत राहिला. त्याने तार लावून बघितली, काढून बघितली, आणि दुपारभर डोकं चालवल्यावर त्याला उमगलं. दोन्ही भागांत जे सारखं असतं ते एकमेकांना खातं, वेगळं असतं तेवढंच उरतं. उरलेलं ते मागच्या डब्यांत सोडलं तर गाणारी समोर राहते आणि साज माणसाच्या भोवती पसरतो. सिहोऱ्यात बसून त्याने हे कोणाला न विचारता शोधलं होतं.

"अन् टॉकीजसारखं विमान?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"त्याले आवाजाच्या वेगळ्याच वाटा लागते. तुमच्या व्हिडिओत एकच वाट हाये. माह्या जोडणीवर पिच्चर लावाल तं मांगचे डबे मुके रायतीन."

"मंग गाणे लावू. पाव्हण्याइले काय समजते?"

काम नाकारायची सोय नव्हती. पाहुण्यांत बपेऱ्याचे भैय्यालाल येणार होते. तिथल्या मंडईचे ते अध्यक्ष, आणि बपेऱ्याने ज्याला भोंग्याचं काम दिलं त्याला आसपासची पाच-सहा गावं डोळे मिटून बोलवत.

दसऱ्याच्या सकाळी टिकारामने डबे ठेवले. दोन टीव्हीच्या दोन्ही अंगांना, दोन मागच्या भिंतीवर. तारा ओढल्या, जोड तपासले. त्यात चूक नव्हती. उरलं होतं ते समोरच्या दोन डब्यांचा आवाज सारखा करणं. त्यासाठी मधोमध बसून दोन कानांनी ऐकावं लागतं. म्हणून त्याने शकुनबाईला आणलं होतं.

ती बैठकीत पाऊल टाकणार तोच पुंडलिकरावांच्या आई, गोदावरीबाई, आतून म्हणाल्या, "तिकडं कुठं चालली वो शकुन? बैठकीत बाया बसत नाईत. ये इथं, दारातून आयक."

बायांची जागा वेगळी असायचीच. मंडईतही वेगळीच असे. त्यामुळे शकुनबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि टिकारामलाही नाही. ती माजघराच्या दारात बसली. ते दार उजव्या हाताला होतं, उजव्या डब्याला लागून.

टिकाराम मधल्या खुर्चीवर बसला. त्याला डावा डबा बारीक वाटला. तो त्याला नेहमीच वाटणार होता. त्याने दाराकडे पाहिलं. शकुनबाईच्या कानाशी उजवा डबा वाजत होता, डावा तिला लांबून येत होता. तिने हात वर केला. त्याने डावा वाढवला. हात वरच राहिला. त्याने आणखी वाढवला, मग आणखी. शेवटी तिने पदर डोक्यावर घेतला. त्याचं आणि तिचं एकमत झालं होतं, म्हणून तो निर्धास्त झाला.

संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि बैठक भरली. कॅसेट सुरू झाली. डावीकडे पुंडलिकरावांचा मेहुणा श्यामराव बसला होता. त्याने कानावर हात ठेवला.

"काहून गा टिकाराम, सारा बँड माह्याच कानात कोंबतं का? तिकडच्या डब्यानं उपास धरला काय?"

टिकारामने दाराकडे पाहिलं. पदर डोक्यावर होता.

"बरोबर हाये. मंधात बसून पाहा."

भैय्यालाल उठून मधल्या खुर्चीवर बसले. थोडं ऐकून म्हणाले, "नाई गा. सारं डावीकडूनच येऊन रायलं. उजवा डबा बंद हाये का?"

"बरोबर हाये," टिकाराम पुन्हा म्हणाला. बारा वर्षांत तो पदर एकदाही चुकला नव्हता.

त्याच्या आवाजातल्या खात्रीनेच श्यामरावला शंका आली. त्याने कॅसेट बंद केली, पाय न वाजवता टिकारामच्या डाव्या अंगाला मागे जाऊन उभा राहिला आणि कानाजवळ चुटकी वाजवली. टिकारामने उजवीकडे वळून पाहिलं. दुसरी चुटकी, पुन्हा उजवीकडेच. मग श्यामराव हळूच म्हणाला, "टिकाराम, तुह्या धोतराले आग लागली."

बैठक हसली. सगळे हसताहेत हे बघून टिकारामही हसला. कशावर ते त्याला माहीत नव्हतं, आणि हे सगळ्यांना कळलं. हसणं हळूहळू थांबलं.

शकुनबाई दारातून उठून उंबरठ्यापर्यंत आली होती. "अजी," एवढंच ती म्हणाली.

भैय्यालाल हसले नव्हते. ते फिरून त्याच्या उजव्या अंगाला आले आणि सरळ विचारलं, "डावा कान कधीपासून गेला?"

टिकारामने खोटं सांगितलं नाही. "बारा वर्सं झाले."

"मंग मंडईत कसं करतं?"

टिकारामने वाकून डेकमधली कॅसेट काढली. शकुनबाईच्या हाताचं आणि पदराचं सांगितलं असतं तर कदाचित काही वेगळं झालं असतं, कदाचित नसतंही. मधली खुर्ची चार हात उजवीकडे, दाराच्या अंगाला सरकवली असती किंवा शकुनबाई सकाळी बैठकीत बसली असती, तर डबे नीट वाजले असते, हे त्या खोलीत कोणाच्या डोक्यात आलं नाही. जोडणी बरोबर होती हेही कोणी म्हटलं नाही.

पंधरा दिवसांनी बपेऱ्याहून निरोप आला: यंदा भोंग्याला तुमसरची पार्टी ठरली आहे. मग एकेका गावाने तसंच कळवलं. काहींनी कळवलंही नाही. पुंडलिकरावांनी मागचे दोन डबे काढून माळ्यावर टाकले आणि टिकारामला गिरणीत पोती शिवायला ठेवलं. तिथे तसंही कोणाला काही ऐकू येत नाही.

बपेऱ्याच्या मंडईला दोघं गेली, कारण दरवर्षी जात होती. तो पुरुषांकडे बसला, ती बायांकडे. दंडार रंगात आली तेव्हा बायांकडचा भोंगा दोनदा खरखरला आणि बंद पडला. टिकारामला ते कळणं शक्य नव्हतं. त्याला दिसला तो शकुनबाईचा हात. वर गेलेला, नेहमीसारखा.

तो अर्धा उठला. मशीनवरचा माणूस झाडाखाली बसून दंडार बघत होता. बाया खाणाखुणा करत होत्या, पण त्याची तिकडे पाठ होती. "खाली बस ना बे!" असं मागून दोघातिघांनी डाव्या बाजूने ओरडून सांगितलं. चौथ्याने सदरा ओढला तेव्हा टिकाराम बसला.

हात बराच वेळ वर होता. मग तो खाली आला आणि शकुनबाईने पदर डोक्यावर घेतला. भोंगा बंदच होता.