बुवांना समोर बसून ऐकणं

मैफलींच्या आठवणी सांगताना लोकांचा गळा दाटून येतो. माझं तसं होत नाही. मला आठवतो चपलांचा ढीग, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला जिना आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास. गाणं चांगलं नव्हतं असं नाही. पण गाण्याभोवती जी माणसं बसतात त्यांची मला किळस यायला लागली ती त्या दोन-तीन वर्षांत, आणि ती अजून गेलेली नाही.

आमचं गाव पारनेरच्या कोरडवाहू पट्ट्यातलं. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. हे मी मिरवतो, आणि का मिरवू नये? फडक्यात बाजरीच्या भाकरी बांधून आणून मी नगरला बी.ए. केलं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, दुसरीपर्यंत शिकलेले. पण गावच्या गुरुवारच्या भजनात चाल धरायची ती अण्णांनीच. टाळ हातात आला की या माणसाला शेत, बैल, आम्ही, कुणीच आठवायचं नाही.

सत्तरच्या सुमारास ग्रामपंचायतीने रेडिओ घेतला आणि त्याचा कर्णा मारुतीच्या देवळावर बसवला. एका सकाळी त्यातून एका मोठ्या बुवांचा अभंग लागला. अण्णा गोठ्यात शेण भरत होते. पाटी तशीच खाली ठेवून ते अंगणात येऊन उभे राहिले.

"ह्यो मानूस कोन रं?"

मी नाव सांगितलं.

"ह्यांना एकदा समूर बसून ऐकायचंय."

"ऐकताय की आता."

"कर्ण्यातनं न्हाई. एवढ्या वर जाऊन देवाचं नाव घेतोय, तवा ह्याचं डोळं मिटत्यात का उघडं ऱ्हात्यात, त्ये बघायचंय."

आई चुलीपुढून म्हणाली, "बी.ए. व्हाया निघालाय की तुमचा ल्योक. त्यो दाखवंल." तिने टोमणाच मारला होता. मी मात्र तो दिलेला शब्द म्हणून अंगावर घेतला.

नगरमध्ये तेव्हा एक संगीत मंडळ होतं. अण्णांना न्यायच्या आधी तिथली रीतभात कळावी म्हणून मी एकटाच तीन-चार मैफलींना जाऊन बसलो. पुढे कापडवाले, वकील, डॉक्टर. गवयाने तोंड उघडायच्या आधीच यांच्या माना डोलायला लागायच्या. तोंडात पानाचा तोबरा, त्यातून 'वा' निघायचा तो शिंतोड्यांसकट, आणि पुढच्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर बारीक लाल ठिपके पडायचे. सम आली की हे सगळे मांडीवर थाप मारायचे. सम कुठे आहे हे ज्यांना कळत नसे ते शेजाऱ्याकडे बघून मारायचे, म्हणून त्यांची थाप जरा उशिरा पडायची. आलाप चालू असताना माझ्या मागे दोघांनी एका मुलीच्या लग्नाची बोलणी पार मानपानापर्यंत आणली होती. मध्यंतरात एका गृहस्थाने मला विचारलं, "तुम्ही कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं. "असं का! तिकडे तमाशा चांगला असतो म्हणे," असं म्हणून तो पिंक टाकायला जिन्यात गेला.

तरी मी जात राहिलो, कारण ते बुवा मंडळाकडे येणार असल्याची बातमी लागली होती. दोन पास मिळावेत म्हणून मी त्याआधीच्या दोन मैफलींना मंडळाच्या सतरंज्या वाहिल्या. कार्यक्रम एका शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होता. अण्णा एसटीने परभारे येणार होते. मी त्यांचा पास त्यांना आधीच पोचवला होता आणि आत पंचा पसरून त्यांची जागा धरून बसलो होतो.

अण्णा आले नाहीत. बुवा आले, तंबोरे लागले. खालून टांग्यांचा आवाज येतो म्हणून कुणीतरी दारं लावून घेतली. बुवा तासभर गायले. त्यातलं मला काही आठवत नाही. माझं सगळं ध्यान त्या रिकाम्या पंच्यावर होतं. गाडी बंद पडली असेल, चुकली असेल, हेच डोक्यात. मध्यंतर झालं तसा मी बाहेर धावलो.

अण्णा दारातच होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले, मांडीवर पास. आणि त्यांच्यासमोर सगळ्या सभेच्या चपला, बूट, कोल्हापुऱ्या नीट जोडीने रांगेत लावलेल्या.

"अण्णा, इथं काय करताय?"

"त्या बिल्लेवाल्या दादांनी सांगितलं, बाबा, जरा हितं बसा अन् चपलांकडं बघा. म्हनलं, कुनीतरी बघाया पायजेच की. मागं देवळातनं माज्या वहाना गेल्त्या."

"आणि गाणं?"

"दार लावलं ना रं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पंगतीत कुणीतरी शेवटी बसतंच, तसं काहीसं त्यांना वाटलं असावं. धोतर, मुंडासं आणि तळहाताचे घट्टे बघून त्या बिल्लेवाल्याने त्यांच्या हातातला पास बघितलाच नव्हता. मी त्याला गाठलं, तर तो म्हणाला, "अहो, मला वाटलं मंडळाने नेमलेला माणूस आहे. त्यात काय एवढं? आता दुसऱ्या भागाला बसवा की आत."

दुसऱ्या भागात बुवा नव्हते. त्यांना पुण्याला जायचं होतं, मध्यंतर होताच मागच्या जिन्याने ते उतरले होते. पुढे त्यांचा शिष्य गाणार होता.

तेवढ्यात एक गृहस्थ आपले बूट शोधत आले. ते पटकन सापडले म्हणून खूश होऊन अण्णांपुढे एक नाणं धरून म्हणाले, "छान लावल्या हो जोड्या! तुम्हाला कायमच ठेवायला हवं."

"आमी गानं ऐकाया आल्तो," अण्णा म्हणाले.

"मग ऐकलंत ना?" असं म्हणून गृहस्थ हसले. आजूबाजूचे दोघेतिघेही हसले. मी त्या सगळ्या रांगा लाथेने उधळून दिल्या. एक बूट जिन्यावरून गडगडत खाली गेला. अण्णाच माझा दंड धरून म्हणाले, "आसं करू नगं. लोकांच्या हायेत." आणि ते खाली वाकून पुन्हा जोड्या लावायला लागले. त्यांना तिथून उठवताना मला जी शिसारी आली, ती कुणाकुणाची होती हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

परतीच्या गाडीत अण्णा एवढंच म्हणाले, "येतील की परत कवातरी."

पुढे मी बी.ए. झालो आणि जिल्ह्याच्या उत्तरेला, पाटपाण्याच्या भागात, एका साखर कारखान्याच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो. बहात्तरचा दुष्काळ पडला. आमच्या गावाकडे विहिरींचे तळ दिसले आणि अण्णा-आई सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. इकडे माझ्या खोलीपुढे हिरवागार ऊस. त्या हिरव्या रंगाकडेही मला बघवत नसे.

त्या हंगामाच्या सुरुवातीला, कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी, तेच बुवा येणार असं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "तुमची भाषा चांगली आहे. चेअरमनसाहेबांचं मानपत्र तुम्हीच लिहा."

मी म्हणालो, "लिहितो. पण माझ्या वडिलांना पुढे खुर्ची पाहिजे. सतरंजीवर नाही, मागे नाही, दाराशी नाही. बुवांचं तोंड दिसेल अशी."

"एवढंच ना? देऊ की."

मानपत्र लिहिलं. मराठीत जेवढी फुगीर विशेषणं आहेत तेवढी त्यात ओतली. लिहून झाल्यावर हात धुतले.

अण्णा कामाचा खाडा करून आदल्या दिवशीच आले. खडीची कपची लागून एका बोटाला चिंधी बांधलेली. सकाळी त्यांनी न्हाव्याकडून दाढी करून घेतली, आईने धुऊन दिलेलं धोतर नेसले. मांडवाकडे निघालो, तर तिथे टँकरने जमिनीवर पाणी मारणं चाललेलं. पाहुण्यांना धुरळा लागू नये म्हणून. दोन घागरी घेतलेली एक ऊसतोड करणारी बाई टँकरच्या मागे मागे चालत होती आणि ड्रायव्हर तिला हाड् हाड् करत होता. अण्णा थांबून बघत राहिले.

"हे पानी प्यायाचं हाय का रं?"

"व्हय."

 ते ओल्या जमिनीवर पाय न देता कडेकडेने चालत गेले.

खुर्ची मात्र मिळाली. पुढे चेअरमनचे सोफे, त्यामागच्या पहिल्या रांगेत अण्णा, आणि त्यांच्या शेजारी मी. बुवांची बैठक दहा हातांवर. कार्यक्रम दहाचा होता. चेअरमन आले एक वाजता. तोवर ऊन मांडवात शिरलं होतं आणि मळीच्या खड्ड्याकडून वारा सुटला होता. साखर निघून गेल्यावर उरलेला तो काळा चिकट पाक वर्षभर खड्ड्यात आंबलेला. त्याचा वास नाकात नाही, घशात बसतो. माशा तर अशा की हारांतल्या झेंडूवर काळा थर धरलेला. मग स्वागतगीत, हार, नारळ, शाली. मुख्याध्यापकांनी माझं मानपत्र वाचलं आणि माझ्या प्रत्येक विशेषणाला टाळ्या पडल्या.

अखेर बुवा बसले. आणि खरं ते सांगतो, पहिला सूर लागला तेव्हा मी सगळं विसरलो. तोच आवाज. कर्ण्यातून यायचा तेव्हा त्याला पत्र्याची धार असायची. इथे तो भरलेल्या मोटेसारखा येत होता, जड आणि सांडत. बुवांनी अभंग धरला. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. चिंधी बांधलेलं बोट गुडघ्यावर टाळाच्या ठेक्यात पडायला लागलं. ते बुवांच्या तोंडावरून नजर हलवत नव्हते. मी बुवांकडे बघायचं सोडून अण्णांकडेच बघत होतो. दोन वर्षं ज्यासाठी धडपडलो ते हे, असं मनात आलं.

अंतरा वर चढत गेला. जिथे देवाचं नाव येतं, ज्या जागेसाठी सगळा अभंग चढत येतो, तिथे बुवा पोचले. आणि त्या जागी त्यांनी देवाऐवजी चेअरमनचं नाव घेतलं.

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. पण त्यांनी ते पुन्हा घेतलं. 'साहेब' जोडून घेतलं. डोळे टक्क उघडे, सोफ्याकडे लावलेले, तोंडभर हसू. मांडव नुसता पेटला. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोर!" चेअरमन उठून चारी दिशांना हात जोडायला लागले. कुणीतरी बुवांच्या अंगावर आणखी एक शाल घातली. तेव्हा बुवांनी त्या नावावर तान घेतली. इतकी सुरेख तान मी पुढेही फारशी ऐकली नाही.

अण्णांचं बोट थांबलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते उठले. खुर्च्यांच्या पुढून, सोफ्याच्या आणि बैठकीच्या मधल्या मोकळ्या जागेतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायला लागले.

एक कार्यकर्ता धावत आला. "आजोबा, लघवीला का? तिकडं, पत्र्यामागं जा." सोफ्यावरचे हसले.

"न्हाई," अण्णा म्हणाले. आवाज भजनात तापलेला, चांगला लांबपर्यंत गेला. "ऐकून झालं."

मी मागोमाग उठलो. मुख्याध्यापकांनी माझी बाही धरली. "अहो, वडिलांना बसवा. साहेब बघताहेत!"

"बघू द्या," मी म्हणालो आणि बाही सोडवून घेतली. वर्ष संपल्यावर त्या शाळेत मला पुढे ठेवलं नाही. त्याची मला खंत नाही, दुसरीकडे लागलो.

आम्ही खोलीवर गेलोच नाही. सरळ एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. कारखान्याने त्या दिवशी चारी बाजूंना खांबांवर कर्णे लावले होते, एक थेट थांब्याच्या डोक्यावर. त्यातून बुवा चाललेलेच. चेअरमनच्या नावानंतर आमदारांचं, मग बँकेवाल्यांचं. अण्णांनी मुंडासं सोडलं, कानावरून घट्ट बांधलं आणि नगरच्या दिशेने चालायला लागले. पुढचा थांबा बराच लांब होता. दोन्ही बाजूंना ऊस, त्यावरून तो आवाज आमच्या मागे येत होता.

बऱ्याच वेळाने ते थांबले.

"आजून येतोय का रं आवाज? का मलाच वाटतंय?"

मी कान दिला. वारा मागून, कारखान्याकडून येत होता.

"येतोय," मी म्हणालो.

"मग चल," अण्णा म्हणाले.