जाळं विणणं म्हणजे काम नव्हे

तेव्हा मी आगाशीपलीकडच्या, किनाऱ्यावरच्या एका गावाची तलाठी होते. सरकारी मदतीसाठी अपंगांचे अर्ज आले की घरी जाऊन चौकशी करायची आणि अर्जदाराला काम करता येतं की नाही, ते अहवालात लिहायचं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. नोकरी नवी, डोकं गरम, आणि आपल्याला कोणी फसवू नये याची नको तितकी काळजी.

अर्जदार कोळी, पन्नाशीचे. बोटीवर पडून कमरेखालचं अंग गेलेलं. घरात ते आणि त्यांची विधवा बहीण. मी गेले तेव्हा लुळ्या पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ते ओटीवर विणत बसले होते. सुई इतकी झरझर चालत होती की मी बघतच राहिले.

"काका, काम करता का काही?"

"नाय बाई. आता कसला काम? बसूनच हाय."

हात मात्र थांबले नाहीत. माझ्या तोंडावर धडधडीत खोटं! कचेरीत येऊन मी तावातावाने लिहिलं, 'अर्जदार जाळी विणण्याचे काम करतो.' अर्ज नामंजूर झाला.

मग त्यांची बहीण आली. भांडेल म्हणून मी पदर खोचून बसले होते. ती हळूच म्हणाली, "बाई, काम म्हंजे दर्यात जानं. जालं तं घरात बसलेला कोनबी इनते. त्याच्या बदली शेजारी कालवनापुरती मासली देतात, बस."

इतकी लाज मला नोकरीत पुन्हा कधी वाटली नाही. नवा अर्ज करा म्हटलं, चौकशीला मीच येते.

गेले तर ओटीवर जाळं नव्हतं, सुई नव्हती. शेजाऱ्यांची जाळी त्यांनी परत पाठवली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते भिंतीला टेकून बसले होते.

"काका, विणणं का सोडलंत? मी नीट लिहिते ना."

"नको बाई. कोन तरी बगल, परत लिवल."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी तिथेच बसून लिहिलं, 'अर्जदार कोणतेही काम करत नाही.' त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं.

"आता बराबर," ते म्हणाले. हात तरीही त्यांनी बाहेर काढले नाहीत.