जमिनीखालचे रवे

करपलेल्या काकवीचा वास आला की आमचं मुरगूडचं गुऱ्हाळ आठवतं. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात भूशास्त्र शिकत होतो. काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, उतरायची वेळ झाली होती. त्या घटकेला पाकावरची नजर काढायची नसते. नेमकं तेव्हाच पाक बघत उभ्या असलेल्या माझ्या आजोबांनी, आबांनी, विचारलं, "शिकतुयास तरी काय?" मी म्हणालो, "जमिनीखालचा शिलारस वर येताना दाब उतरतो, त्यातली वाफ निघून जाते आणि रवे धरतात." आमच्याकडं रवा म्हणजे गुळाची अख्खी ढेप. आबा माझ्याकडं वळले. "जमिनीखाली रवे? बांधतंय कोण?" मी हसलो, मग हा रवा म्हणजे बारीक स्फटिक, असं समजावत बसलो, आणि तेवढ्यात अख्खी काहील करपली. चुलाण्यावरचा गडी ओरडला तेव्हा आबा म्हणाले, "माझंच ध्यान न्हवतं." घरी जाताना त्यांनी वाटेतला काळा दगड उचलला, त्यातला पांढरा ठिपका अंगठ्यानं चोळला आणि विचारलं, "ह्यो रवा व्हय?" मी हो म्हणालो. त्यांचं ध्यान मीच घालवलं होतं, हे आज पहिल्यांदा सांगतोय. पण दगड चोळत विचारलेला तो प्रश्न रागाचा होता की कौतुकाचा, ते त्यांच्या वयाला पोचलो तरी मला उमगलेलं नाही.