आडवी फांदी

हे मी आजवर कोनालेच सांगतलं नाही. बायकोलेही नाही. तुमालेच काहून सांगून राह्यलो — मालूम नाही. थकलो, बस.

आमच्याकडे, उकव्याच्या जंगलात, एक रीत आहे. पायवाट फुटते तिथं कोनी हिरवी फांदी आडवी टाकली असन, तर तिकडून जायचं नाही. पुढं काहीतरी आहे — अस्वल, नाहीतर खदानीचा जुना खड्डा. आन् फांदी हटवलीच, तर जाग्यावर ठेवूनच पुढं जायचं. हे लेकरालेही समजते. मग मले काहून नाही समजलं?

समजत होतं. तेच तर.

मोहफुलाचे दिवस होते. माझ्या मोठ्या भावाले, दादाले, सकाळीच नाल्याच्या वाटेवर पिल्लं घेऊन चाललेली अस्वलीन दिसली. त्यानं फाट्यावर फांदी आडवी टाकली आन् दुसऱ्या वाटेनं वावरात निंगून गेला. मागून मी आलो, मोटरसायकलवर. ड्यूटीले उशीर झालता, नाल्याची वाट जवळची. उतरलो, फांदी पायानं बाजूले सारली, गाडी पुढं काढली. परत ठेवाले पुन्हा स्टँड लावा लागला असता — त्याचा कंटाळा केला. एवढंच. खरंच एवढंच!

मले काही झालं नाही. गाडीच्या आवाजानं अस्वलीन हटली असन. पन माझ्यामागून टोपली घेऊन वहिनी आली, दादाची बायको. वाट मोकळी दिसली. ती त्याच वाटेनं गेली, आन् अस्वलीन अंगावर आली.

जीव वाचला. डावा डोळा गेला, आन् त्या बाजूचा गाल.

दवाखान्यात तिनं दादाले एकच म्हनलं, "तुमी फांदी टाकाले इसरले."

"टाकलती वो. देवाशपथ टाकलती."

मी पलंगाजवळच उभा होतो. तोंड उघडलं नाही. कशाचं भेव होतं? नोकरी कोनी घेत नव्हतं, मारत कोनी नव्हतं. वहिनी माह्याकडे कशी पाहीन — याचंच भेव. मनात म्हनलं, उद्या सांगीन.

वहिनीनं त्याले कवाच माफ केलं. जे त्यानं केलंच नाही, त्याची माफी. आन् आता तर दादाच म्हनते, "मीच इसरलो असन रे." शपथ घेनारा मानूस, त्याले सोताचाच भरोसा राह्यला नाही. ते मी केलं.

आजही मोहाच्या दिवसात तो फांदी टाकते, घरी येते, चैन पडत नाही म्हनून मले संगं घेऊन परत फाट्यावर जाते. फांदीकडे बोट दाखवते.

"पाह्य बरं बाबू, टाकली ना मी?"

"हौ दादा," मी म्हनतो. "टाकली."