लुब्वामाकडे मटोके उकडतायत

कंपालापासून दूर, न्येन्डो गावच्या बाजारात एके काळी कुठल्याही सिनेमाचं खरं नाव कुणाला माहीत नसायचं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. 'आज लुब्वामाचा कुठला?' एवढं विचारायचं, आणि वाकून किबांड्यात शिरायचं. पत्र्याची लांबट खोली, समोर फळीवर टीव्ही, पुढे बाकडी, आणि कोपऱ्यात माइक धरून बसलेला लुब्वामा. सिनेमा हाँगकाँगचा असो, अमेरिकेचा असो की मुंबईचा, बोलायचा तो एकटाच. पडद्यावरच्या माणसांनी नुसते ओठ हलवावेत; नायक, नायिका, खलनायक, मधेच रडणारी म्हातारी, एवढंच काय, पोलिसांचा कुत्रासुद्धा लुब्वामाच्या तोंडून लुगांडात, म्हणजे गावच्या भाषेत, बोलायचा. असल्या माणसाला व्हीजे म्हणतात. पण न्येन्डोत व्हीजे म्हटलं की एकच.

त्याला भाषांतर म्हणणं म्हणजे त्याचा अपमान करणं. त्याला चिनी येत नव्हती, हिंदी येत नव्हती, आणि इंग्रजी येत होती असं तो म्हणायचा. पण नायकाला आई नाही हे त्याला नायकाच्या चालीवरून कळायचं. मारामारी लांबली की तो मधेच सांगायचा, "ए कासुले, तुझी बायको दाराशी उभी आहे, आता इथली मारामारी सोड आणि घरची बघ!" सगळं किबांडं मागे वळून बघायचं, आणि बायको खरंच दाराशी उभी असायची. लोक सिनेमा बघायला कमी आणि त्याचं बोलणं ऐकायला जास्त यायचे.

आता त्याला बोलता येत नाही. घशात गाठ झाली, कंपालाच्या इस्पितळात ती काढली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती कुजबूज. तीही अशी, की जवळ बसलेल्याने श्वास रोखला तर कळावी. देवाला काढून घ्यायला दुसरं काही सापडलं नाही का, असं लोक म्हणाले. मलाही तसंच वाटतं.

लुब्वामाला गावात सगळे सालोंगो म्हणतात आणि त्याच्या बायकोला नालोंगो. जुळ्यांचा बाप तो सालोंगो, जुळ्यांची आई ती नालोंगो. ही नावं एकदा लागली की सुटत नाहीत, मग जुळी राहोत न राहोत. यांच्या जुळ्या मुली. आधी आली ती बाबिर्ये, मागून आली ती नाकातो. ही नावंसुद्धा कुणी निवडत नाही, जन्माच्या क्रमानेच मिळतात. बाबिर्ये शाळेत जायच्या वयाची होण्याआधीच तापाने गेली. पण गेली असं म्हणायचं नसतं. जुळं मूल मरत नाही, ते उडतं. बाबिर्ये उडाली, एवढंच म्हातारी माणसं म्हणाली, आणि वर बजावलं, की कुणी रडायचं नाही, रडलात तर राहिलेलीच्या जिवाला लागेल. नाकातो अंगणात पातेलं वाजवत खेळत होती. तिच्याकडे बघून आईबापांनी आवंढा गिळला. तो गिळलेलाच राहिला. नालोंगोने तर बाबिर्येचं नावसुद्धा त्या दिवसापासून तोंडातून काढलं नाही.

पण बाबिर्येचा आवाज एका सीडीवर होता.

त्याचं असं झालं. किबांड्यात जिवंत बोलण्याबरोबर लुब्वामाने घरीही बोलणं भरायला सुरुवात केली होती. पुढच्या खोलीत पडदे ओढायचे, एका यंत्रात सिनेमा, दुसऱ्यात कोरी सीडी, मधे माइक. एकदा सुरू केलं की थांबायचं नाही, कारण थांबलं तर सगळं पहिल्यापासून. शिंक आली तरी ती नायकाची म्हणून खपवायची. एका चिनी सिनेमात गावगुंड एका म्हातारीचं रांधलेलं भांडं लाथेने उडवतो, असा प्रसंग होता. लुब्वामा श्वास घेऊन गुंडाच्या शिव्या सुरू करणार, तेवढ्यात पडद्याआडून बाबिर्ये आत आली. तिने भांडं उडताना पाहिलं आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "ताता, आजीचं जेवण छांडलं! आता ती काय खाणार?"

दुसरा कुणी असता तर पोरीला दटावून बाहेर काढलं असतं. लुब्वामाने माइक तसाच ठेवला आणि सिनेमातल्या म्हातारीला सांगितलं, "रडू नकोस गं म्हातारे, लुब्वामाकडे मटोके उकडतायत. ये जेवायला."

मटोके म्हणजे उकडायची हिरवी केळी, तिथलं घरोघरचं रोजचं जेवण. किबांड्यात हे लागलं त्या दिवशी हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. पुढे ती न्येन्डोची म्हणच होऊन बसली. कुणी उपाशी दिसला, कुणाचा बेत फसला, कुणाची नोकरी गेली, की लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चल, लुब्वामाकडे मटोके उकडतायत." आजही म्हणतात. आता म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना लुब्वामा कोण ते माहीत नसतं.

बाबिर्ये उडाली, आणि लुब्वामाने ती सीडी किबांड्यातून काढून आणली. तिची दुसरी प्रत नव्हती, आणि प्रती काढून विकणारे मागायला आले तर त्याने दिली नाही. बाकीच्या सीड्यांबरोबर ती पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. ऐकायचा धीर त्यालाही झाला नाही. आवाज आहे, जागेवर आहे, एवढ्यावर तो जगला.

आवाज गेल्यानंतर एक दिवस तो ओसरीवर बसला असताना त्याच्या लक्षात आलं, की बाबिर्ये नेमकी कशी बोलायची ते आपल्याला आठवत नाही. शब्द आठवत होते, 'छांडलं' आठवत होतं, पण आवाज येत नव्हता. त्याने डोळे मिटून पाहिलं, सिनेमा मनात लावून पाहिला. भांडं उडालं, आणि पुढे नुसती शांतता. त्या दिवशी तो जेवला नाही. मरायच्या आधी एकदा तो आवाज ऐकायचा, याखेरीज त्या माणसाला दुसरी इच्छा राहिली नाही.

पण ऐकायचा कशावर? जुनं यंत्र कधीच बंद पडलेलं, नवीन कुठे मिळेना. पेटी उघडून पाहिली तर सीड्यांवर बुरशीचे डाग. नाकातो कंपालात नोकरी करते, महिन्याकाठी घरी येते. या वेळी ती नवा टीव्ही घेऊन आली होती. लुब्वामाने तिला जवळ बसवलं, पेटीवर हात ठेवला आणि कुजबुजला, "माझे सिनेमे. सगळे उतरवून आण. एकही सोडू नकोस."

"एवढंच ना, ताता? हार्ड डिस्कच्या एका डबीत सगळे बसतील. खुर्चीत बसायचं आणि बटण दाबायचं."

कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. नालोंगो चुलीशी होती. तिच्यासमोर ते नाव कसं काढायचं?

नाकातोने पेटी रिक्षात घालून बाजारातल्या सिनेमाच्या दुकानात नेली. लोक तिथे पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि भरून नेतात. दुकानदार किग्गुंडू याने दोन-चार सीड्या लावून पाहिल्या. चित्र अडखळत होतं, पण लुब्वामाचा आवाज मात्र खणखणीत येत होता. तो ऐकून नाकातोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घासून, पुसून बऱ्याचशा उतरतील," किग्गुंडू म्हणाला, "वेळ लागेल. नाहीतर हेच सगळे सिनेमे माझ्याकडे नवे कोरे आहेत. चित्र आरशासारखं. फक्त वर कुणी बोललेलं नाही."

नाकातोने क्षणभर विचार केला. मागे एकदा शेजाऱ्याच्या रेडिओवर तातांचं जुनं बोलणं लागलं होतं, तर ते उठून घरामागे जाऊन बसले होते. स्वतःचाच गेलेला आवाज त्यांना रोज ऐकवायचा? इतकं निर्दय कोण होईल?

"नवेच भरा," ती म्हणाली. "न बोललेले."

पोरीने मायेने केलं. म्हणूनच तिला बोल लावता येत नाही, आणि म्हणूनच जास्त जिवाला लागतं.

सीड्यांनी भरलेली पेटी तिने तशीच परत आणली. "माय, सगळं या डबीत उतरलं. या सीड्यांचं काय ते कर आता." नालोंगोला वाचता येत नव्हतं; कुठल्या सीडीवर लुब्वामाने शाईने काय लिहिलंय ते तिला कळणार नव्हतं. नुकताच भुईमूग पेरला होता आणि कावळे दाणे उकरून खात होते. तिने एकेका सीडीत दोरी ओवली आणि काठ्यांना टांगून दिल्या. ऊन पडलं की सगळं शेत लखलखायचं. आठवडाभर पाऊस आणि ऊन आलटून पालटून पडत होतं. लुब्वामा तापाने अंथरुणाला खिळला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

बापाचा ताप ऐकून नाकातो पुढच्याच शनिवारी पुन्हा आली. बापाला खुर्चीत बसवून तिने हार्ड डिस्क टीव्हीला जोडली. लुब्वामाने यादीतून तो चिनी सिनेमा दाखवला. चित्र खरंच आरशासारखं होतं. पण माणसं चिनी बोलत होती.

"माझा आवाज?" त्याने विचारलं.

"तो नाही घेतला, ताता. मला वाटलं तुम्हाला त्रास होईल."

"सीड्या कुठायत?"

नाकातोने आईकडे पाहिलं. नालोंगो म्हणाली, "शेतात. कावळ्यांसाठी. का हो, सालोंगो?"

तो काठी टाकून तसाच निघाला. दोघी मागे धावल्या. भुईमुगात शिरून तो एकेक सीडी हातात घेऊन उलटत होता, आपलंच अक्षर शोधत होता. शेवटी ती सापडली. शाईचं एखादं अक्षर उरलं होतं आणि वरचा चंदेरी मुलामा पापुद्र्यांनी सुटला होता. त्याने ती डोळ्यासमोर धरली तर पलीकडचं केळीचं पान दिसलं.

"बाबिर्ये होती यात," तो कुजबुजला.

नाकातो ती सीडी छातीशी धरून दुकानात पळाली. किग्गुंडूने ती उजेडाकडे धरली आणि परत दिली. परतताना नाकातो रस्त्याच्या कडेला बसून राहिली. ओळखीचा एक जण थांबला, तिचं तोंड बघून हसत म्हणाला, "काय गं, अशी का? चल, लुब्वामाकडे मटोके उकडतायत." बिचाऱ्याला काय माहीत.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लुब्वामाने स्वतःच पडदे ओढले आणि सिनेमा लावला. नाकातो म्हणाली, "नको ना, ताता." त्याने मान हलवली. भांडं तरी बघू, असं त्याच्या मनात असावं. नाकातो त्याच्या पायाशी बसली. नालोंगो दारात पाट घेऊन मटोके सोलत होती. पूर्वी घरात सिनेमा लागला की ती उठून बाहेर जायची. आज गेली नाही.

गुंड आले. म्हातारीने भांडं पोटाशी धरलं. लाथ बसली, भांडं उडालं. लुब्वामाने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"ताता, आजीचं जेवण छांडलं! आता ती काय खाणार?"

दारातून आलं ते. नालोंगोचाच आवाज, म्हातारा, जाडाभरडा, पण 'छांडलं' तस्संच, मधला हुंदकाही तिथेच. इतकी वर्षं जिने नाव घेतलं नव्हतं, तिने ते असं जसंच्या तसं आत जपलं होतं.

लुब्वामाचे ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकायला नाकातोला वर व्हावं लागलं. "रडू नकोस गं म्हातारे," तो म्हणत होता, "लुब्वामाकडे मटोके..." पुढचं त्याला जमलं नाही.

नालोंगोच्या हातातली सुरी खाली पडली. "उडाली म्हणे," ती म्हणाली. "कुठे उडाली? मेली हो आपली पोर, सालोंगो. मेली."

म्हणता म्हणता तिने तोंडावर हात दाबला आणि नाकातोकडे पाहिलं, काही झालं तर नाही ना म्हणून. नाकातो सरपटत तिच्याजवळ गेली आणि तिचा हात तोंडावरून काढला. "रड, माय. मला काही होत नाही. रड."

मग नवराबायको दोघे रडले. लुब्वामाच्या रडण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. नाकातो टीव्ही बंद करायला उठली तर त्याने हातानेच नको म्हटलं. सिनेमा पुढे चालू राहिला. पडद्यावर ती म्हातारी सांडलेले दाणे वेचत काहीतरी पुटपुटत होती, आणि ती काय म्हणतेय हे सांगणारं त्या घरात आता कुणी नव्हतं.