गार्डच्या जागी फिल्टर

तेजस्वी मूळची खानापूरकडची. घरची भातशेती. डिप्लोमा करून ती बेळगावातल्या एका कॉलेजात नेटवर्क सांभाळायला लागली ती करारावर. दर जूनला नवी सही. म्हणून चार वर्षं तिनं एकाही कामाला नाही म्हटलं नव्हतं.

खंडेनवमीला लॅबची यंत्रं बंद करून पूजा झाली. झाडलोट करणाऱ्या मालुबाईला एक केबल दिसली. तिचं एक टोक भिंतीवरच्या नेटवर्कच्या सॉकेटात होतं, दुसरं जमिनीवर लोळत होतं. पूजेच्या दिवशी वायर लोंबती बरी दिसत नाही, म्हणून तिनं ते टोक शेजारच्या सॉकेटात खोचलं.

दसरा झाल्यावर ऑनलाइन परीक्षा होती. लॅबचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा नेटवर्कचा स्विच चालू केला आणि पाच मिनिटांत चाळीस मुलांचे पडदे गोठले. परीक्षा रद्द झाली.

केबल सापडायला तासभर गेला. एका सॉकेटातून निघालेला निरोप दुसऱ्यातून परत येऊन गरगर फिरत होता, आणि त्या गर्दीत सगळं नेटवर्क बुडालं होतं. असं वेटोळं पडलं तर ते ओळखून तेवढं पोर्ट, म्हणजे केबल जोडायची ती खाच, बंद करायची सोय स्विचमध्ये असते. तेजस्वीनं सेटिंग उघडलं. उन्हाळ्यात तिनंच ते भरलं होतं. यादीत पोर्ट बंद करणारा गार्ड आणि फिल्टर एकाखाली एक होते. गाळणी कचरा अडवते, तसंच असेल असं समजून तिनं फिल्टर निवडला होता. तो फिल्टर वेटोळ्याची खूण सांगणारे निरोपच गिळत होता.

तिनं सगळ्या पोर्टांना गार्ड लावला. मग तीच केबल पुन्हा दोन्हीकडे खोचून पाहिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या पोर्टाचा दिवा विझला. बाकीचे कॉम्प्युटर चालूच राहिले.

"रिपोर्टात मालुबाईचं नाव घाल की," ऑफिस बघणारे आण्णाप्पा म्हणाले. "ती सोताच कबूल करालीय. ह्यात खोटं काय हाय?"

खोटं काहीच नव्हतं. 'सफाई कर्मचाऱ्याने केबल चुकीच्या ठिकाणी जोडली,' असं तिनं लिहिलं. पुढचं, स्वतःच्या फिल्टरचं वाक्य तिच्या मनात तयार होतं. ते न लिहिताच तिनं सही केली.

संध्याकाळी मालुबाई डब्याची पिशवी घेऊन लॅबच्या दारात आली.

"उद्यापास्नं येऊ नको म्हनले गं आक्का. लई शिकल्याली पोरं, त्यांची परीक्षा बुडीवली मी."

"मावशी..."

"तुला तर कोन काय बोललं न्हाय न्हवं?"

तेजस्वीनं मान हलवली. नाही.

"मग बरं झालं बघ. मला त्याचाच घोर लागलाता. माझ्यापायी तुझी नोकरी गेली असती तर कुठल्या तोंडानं ऱ्हायले असते?"

मालुबाईनं पायरीवर काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि ती जिना उतरून गेली.