एक वाचणार, एक सांगणार

आमच्या जाऊबाई सातवी शिकलेल्या आहेत. वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकत असतं. जोडाक्षर आलं की थांबतात, तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघतात आणि मग मोठ्यानं म्हणतात. मी डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवणारी. मुलांना गोष्ट कशी वाचून दाखवावी हे मी प्रशिक्षणात इतर शिक्षकांसमोर वाचून दाखवलेलं आहे आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या आहेत. तरी माझी स्वतःची लेक गोष्ट ऐकायला जाऊबाईंकडे जाते. मला हे सहन होत नाही, आणि होत नाही हे लपवायलाही जमत नाही.

जाऊबाई थोरल्या, म्हणून पोरगी त्यांना मोठी आई म्हणते. आमच्याकडे रीतच आहे तशी. लग्न करून आले तेव्हा मला हे फार गोड वाटलं होतं. आता 'मोठी आई, आज वाचू ना?' असं स्वयंपाकघरात ऐकू आलं की माझ्या हातातलं लाटणं जरा जोरात फिरतं.

पुस्तकं आणते मी. शाळेच्या पेटीतली चित्रांची पुस्तकं पिशवीत घालून चौसाळ्याला आमच्या घरापर्यंत स्कूटीवर मी वाहून आणायची, आणि दिवेलागणीला पोरीनं ती उचलून त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवायची. एकदा मी पोरीला सरळ विचारलं, "माझं वाचन आवडत नाही का गं तुला?"

"आवडतं की. पन तू मंग इचारतीस."

"काय विचारते?"

"गोष्टीतून काय शिकलो ते."

आता शिक्षिकेनं गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत तर काय करायचं? ते बोलणं मला लागलं.

जाऊबाई काहीच विचारत नाहीत. त्यांची पद्धत पोथीची आहे. श्रावणात आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण चालीवर ओवी वाचतो आणि थांबतो. शेजारचा दुसरा तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगतो. लोकांनी माना डोलावल्या की पुढची ओवी. जाऊबाईंच्या माहेरी, युसूफ वडगावला, त्यांचे वडील असेच पोथी वाचायचे, त्यामुळे मोठ्यानं वाचायचं म्हणजे एकानं वाचायचं आणि एकानं सांगायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं चित्रांचं पुस्तक पाटावर ठेवलं, 'म्हैस बाजाराला निघाली' हे वाक्य चक्क ओवीच्या चालीवर म्हटलं आणि थांबल्या.

"हं, सांग," त्या म्हणाल्या.

पोरगी मांडी घालून बसली आणि सांगू लागली. म्हशीच्या गळ्यात दावं कोणत्या रंगाचं होतं, मालकानं सकाळी काय खाल्लं, वाटेत कोण भेटलं. यातलं अक्षरही पुस्तकात नव्हतं. मी पीठ मळता मळता म्हणाले, "तसं लिहिलेलं नाही गं त्यात." जाऊबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "आसंल बी," म्हणाल्या, आणि पुढची ओळ लावली.

दिवाळी झाली आणि माझा वर्ग निम्मा पोरका झाला. आमच्या शाळेच्या गावातली बरीच माणसं कोयता घेऊन साखर कारखान्याला, ऊसतोडीला जातात. काही मुलं बरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ मागं राहतात. ज्या मुलांच्या आया उसाच्या फडात आहेत त्यांच्यापुढे माझ्या पोरीनं दिवसभर 'आई, आई' करत फिरावं हे मला बरं वाटेना. दरवर्षीचंच हे, म्हणून यंदा ती माझ्याच वर्गात आली त्या दिवशीच मी नियम घातला होता. शाळेच्या कमानीच्या आत मी मॅडम. पोरगी हुशार, तिनं एका दिवसात उचललं. कमानीपाशी स्कूटीवरून उतरली की तिची भाषासुद्धा बदलते. 'हाय'चं 'आहे' होतं, 'तू'चं 'तुम्ही' होतं आणि हाताची घडी आपोआप पडते.

त्याच दिवसांत मी शाळेत एक कार्यक्रम ठरवला. दर शनिवारी एका मुलाच्या आईनं वर्गात येऊन गोष्ट वाचायची. आया तर गावात नाहीत, म्हणून मी त्यात माझ्या हातानंच पुढं जोडलं, आई किंवा घरातलं कुणीही. मग वर्गात एकेकाला विचारलं, तुझ्याकडून कोण येणार. कुणी म्हणालं आजी, कुणी चुलती, कुणी आजोबा. माझी पोरगी उभी राहिली. तिच्यासाठी कोणतं पुस्तक वाचायचं ते मी मनात ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

"मॅडम, माझी मोठी आई येणार."

वर्गात काय बोलणार? मी "छान, बस" म्हणाले. शाळा सुटल्यावर कमान ओलांडली तशी स्कूटी बाजूला घेऊन उभी केली.

"मी असताना मोठी आई कशाला?"

"शाळेत तू कुटं आई हायस?" ती म्हणाली. रागानं नाही, पाढा म्हणावा तशी. "तूच सांगितलंस."

मी स्कूटी सुरू केली.

शनिवारी जाऊबाई आल्या. दिरांच्या मोटारसायकलवरून, लग्नाकार्यातली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. मी मागच्या भिंतीला टेकून बसले. आणि खरं सांगते, त्या अडखळाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. अडखळल्याही. 'व्यापाऱ्यानं' या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं, ओठ हलले, शब्द काही बाहेर पडेना. मी मनात म्हणाले, आता हसतील पोरं. पोरं हसली नाहीत. पुढची दोघं-तिघं पुस्तकावर वाकली, त्यांनी तो शब्द फोडून फोडून म्हटला आणि जाऊबाई म्हणाल्या, "बराबर. लई अवघड व्हता."

झालं, मग आख्खा वर्ग त्यांचा झाला. त्या एक ओळ चालीवर वाचायच्या आणि माझी पोरगी सांगायची. थोड्या वेळानं जाऊबाईंनी दुसऱ्याच मुलीकडे बोट केलं, "आता तू सांग." जिचं तोंड दिवाळीपासून माझ्या वर्गात उघडलं नव्हतं ती मुलगी सांगायला लागली. म्हैस बाजारातून दावं तोडून घरी परत आली, इथं गोष्ट संपते. जाऊबाईंनी शेवटची ओळ वाचली आणि माझ्या लेकीकडे बघितलं. ती कमानीच्या आत असूनही घरच्यासारखी बोलली.

"तिकडं तिला समदे म्हैस म्हणत व्हते. नावानं कुणीच हाक मारीना. म्हून आली."

पुस्तकात म्हशीला नावच नाही. पण सगळ्या वर्गानं देवळातल्या म्हाताऱ्यांसारख्या माना डोलावल्या. दाराशी उभे असलेले मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, ही पद्धत चांगली आहे, तुम्ही पण करून बघा." मी हो म्हणाले. त्या दिवशी मला चहासुद्धा गोड लागला नाही.

पुढच्या आठवड्यात जाऊबाई माहेरी गेल्या. एसटीत बसवायला मीच गेले होते. "कावून गं, आज लई खुशीत हायस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "कुठं काय, ताई? सावकाश या, घाई करू नका."

रविवारी दुपारी भांडी आवरून मी तेच म्हशीचं पुस्तक घेतलं आणि पाटावर ठेवलं. पोरगी जरा लांबूनच बघत होती. मी पहिली ओळ ओवीच्या चालीवर म्हटली.

"चाल चुकली," ती हसत म्हणाली.

"मग तू शिकव."

तिनं शिकवली. मी वाचलं, थांबले, "सांग" म्हणाले. ती सांगत गेली. दाव्याचा रंग या वेळी वेगळाच होता, मी एका शब्दानं बोलले नाही. जीभ दातांखाली धरून बसले म्हणा ना. हळूहळू ती सरकत जवळ आली, मग तिनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या केसांतून हात फिरवत मी वाचत होते आणि मनात म्हणत होते, जाऊबाई, राहा आता महिनाभर माहेरी. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

म्हैस घरी आली. गोष्ट संपली. मी पुस्तक मिटलं आणि सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "सांग बरं, म्हैस परत का आली असेल?"

पोरगी मांडीवरून उठली. ताठ बसली. हाताची घडी घातली.

"मॅडम, मी सांगू?"

तिला स्वतःला कळलंही नाही ती काय म्हणाली. मी "सांग" म्हणाले.

"म्हैस परत आली, कारण तिला तिचे घर आवडत होते."

पूर्ण वाक्यात, शुद्ध भाषेत, मी शिकवलं होतं तसं. उत्तर अगदी बरोबर होतं.